एका पानाची परीक्षा

पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. एकाच ओसरीवर पाच वर्षांचे पोर धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत असे, शेजारचा नऊ वर्षांचा पोरगा पावकी-निमकी घोकत असे आणि भिंतीला टेकलेला मोठा मुलगा मोडीतली जुनी खतपत्रे वाचत असे. पुढे कधी सरकायचे ते वयावर ठरत नसे. बाराखडी बसली की जोडाक्षरे, जोडाक्षरे बसली की कागद. ज्याला येई तो न येणाऱ्याला शिकवी. छडी घेऊन फिरणे आणि अधूनमधून म्हणवून घेणे, एवढे पंतोजीचे काम. मद्रासेत अशीच वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहून अँड्र्यू बेल या पाद्र्याने मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात नेली.

या ओसरीचे गोडवे जपूनच गायला हवेत. मुली तिथे जवळपास नव्हत्याच, अस्पृश्य मानलेल्या जातींना उंबरठाही ओलांडता येत नव्हता आणि शिकवणे हिशेब-पत्रव्यवहारापुरते होते. तरी एक गोष्ट तिथे आपसूक घडत होती. मुलाला आज काय येते त्यावरून त्याला उद्या काय द्यायचे ते ठरत होते. पुढच्या दोनशे वर्षांत शाळकरी मुलांची मोजदाद नाना तऱ्हांनी झाली, कागदांचे ढीग रचले गेले, पण हा दुवा बहुतेक वेळा तुटलेलाच राहिला.

पहिली मोठी मोजदाद झाली ती मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या कलेक्टरांकडून गावोगावच्या शाळांची माहिती मागवली गेली. साऱ्या इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि त्यांत ३५ हजारांच्या आसपास मुले, असा हिशेब हाती आला. सव्वाशे वर्षांनी शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकरांनी दप्तरातून हे कागद शोधून छापले नसते तर तो हिशेब धूळ खातच पडला असता. त्या तक्त्यांत शाळा आहेत, मुले आहेत, कुठे कुठे पंतोजींची मिळकतही आहे. मुलांना काय येते हा रकाना मात्र नाही. तो विचारण्याचे कलेक्टरांना कारणही नव्हते.

तो रकाना उघडला पैशाने. इंग्लंडात सरकारी तिजोरीतून शाळांना जाणारी रक्कम फुगत चालली होती. रॉबर्ट लो या मंत्र्याने १८६२ साली नवी नियमावली आणली आणि अनुदान मुलांच्या परीक्षेला बांधून टाकले. हजेरीबद्दल मुलामागे ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांत इन्स्पेक्टरापुढे उत्तीर्ण झाल्यास आणखी ८. एका विषयात मूल पडले की २ शिलिंग ८ पेनी कापले जात. सहा वर्षांखालच्यांना परीक्षेतून सूट होती, सहा पूर्ण झाली की मूल चाचणीच्या रांगेत उभे. नवी व्यवस्था स्वस्त तरी पडेल, नाही तर कार्यक्षम तरी ठरेल, अशी ग्वाही लोने पार्लमेंटात दिली होती.

स्वस्त ती पडली. सुरुवातीच्या वर्षांत अनुदानाची रक्कम खाली आली. पण शाळेत काय झाले? वर्षभर एकच वाचनपुस्तक घोटले जाऊ लागले. मुले ते तोंडपाठ म्हणत. पुस्तक उलटे धरूनही घडाघडा ‘वाचणाऱ्या’ मुलांचे किस्से इन्स्पेक्टर मंडळी सांगत. परीक्षेच्या दिवशी मूल गैरहजर राहिले तर पैसे बुडणार, म्हणून आजारी पोरांनाही उचलून आणून बसवले जाई. कवी म्हणून आपल्याला माहीत असलेला मॅथ्यू अर्नोल्ड पोटापाण्यासाठी शाळा-इन्स्पेक्टर होता. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक होते, असे त्याने आपल्या वार्षिक अहवालांत पुन्हा पुन्हा लिहिले. वरिष्ठांना ते रुचले नाही. पद्धत पुरती मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडावे लागले.

तोवर ती बोटीत बसून मुंबईला पोचली होती. निकालावर अनुदान हे सूत्र मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याने १८६० च्या दशकातच उचलले आणि ते मुरवण्यात हा इलाखा आघाडीवर राहिला. खात्याचा डेप्युटी इन्स्पेक्टर, लोकांच्या तोंडी ‘डिपोटी साहेब’, येणार म्हटले की जमीन सारवली जाई, पाट्या घासल्या जात, टोप्या धुतल्या जात आणि मास्तरांचा घसा कोरडा पडे. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या तपासणीवर नेमके बोट ठेवले. वर्षातून फार तर एकदा होणाऱ्या भेटीचा शाळेला फारसा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी शाळा पाहिली जावी आणि एरवीही आगाऊ वर्दी न देता भेट द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः शाळा चालवलेला माणूस बोलत होता. ठरलेल्या दिवशी ठरलेली मुले काय दाखवतात आणि एरवी मंगळवारी दुपारी त्या शाळेत काय चाललेले असते, यातले अंतर त्यांना ठाऊक होते. आयोगाने मात्र देशी शाळांना मदत देताना परीक्षेच्या निकालाचाच मुख्य आधार घ्यावा, अशी शिफारस केली. या पद्धतीला सरकारी निरोप मिळाला तो व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावानंतर.

पंचवीस वर्षांनी आणखी एक आकडा गाजला. सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीने १९२९ साली दाखवून दिले की १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत जेमतेम १८ उरली होती. बाकीची गळाली किंवा त्याच वर्गात कुजत बसली. ‘गळती’ हा शब्द आज शिक्षणाच्या बातमीत सर्रास येतो, पण त्यामागचा हिशेब पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे मांडला गेला तो तेव्हा. समितीचे निदान चुकले असे कोणी म्हणणार नाही. औषध मात्र वादग्रस्त ठरले: नव्या शाळा काढण्याची घाई नको, आहेत त्या पक्क्या करा. शाळांवरचा खर्च रोखू पाहणाऱ्या प्रांतिक सरकारांना हे आयते हत्यार मिळाले. मुंबई महापालिकेच्या शिक्षण मंडळात आयुष्य घालवलेल्या परुळेकरांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ जे. पी. नाईकांनी, या आकड्यांचा कीस काढला. देशातली बहुसंख्य मुले शाळेबाहेर असताना आतल्या थोड्यांच्या दर्जाची चिंता करत दार अर्धे लोटून घेणे त्यांना मान्य नव्हते. इथे आकडा खरा होता आणि तरीही त्याचा वापर मुलांच्या विरोधात झाला.

स्वातंत्र्यानंतर हा धागा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने उचलला. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या. १९५५ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. एकीत गळती आणि नापासी होती. दुसरीतला प्रश्न अधिक टोकदार होता: शाळा सोडून गेलेल्या माणसाला पुढे वाचता येते का, की शिकलेले विसरून तो पुन्हा निरक्षर होतो? दारिद्र्यरेषेच्या संदर्भात दांडेकरांचे नाव सगळे घेतात. साताऱ्याच्या या कामाची आठवण फारशी कोणी काढत नाही.

याच सुमारास डहाणूच्या पट्ट्यात मुलांकडे पाहण्याची अगदी वेगळी रीत घडत होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये त्या दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणात भरली. तिथे गुणपत्रक नव्हते. शंख-शिंपले, बिया, गोटे घेऊन मूल काय करते, कुठे अडते, कशात रमते, हे बाई शेजारी बसून पाहत आणि पुढची वस्तू त्याप्रमाणे समोर ठेवत. माँटेसरीच्या परंपरेतले हे निरीक्षण म्हणजेही मोजमापच. फक्त ते वर पाठवायचे नसते.

सरकारी मोजणीने दरम्यान दुसराच रस्ता धरला होता. शाळा वाढल्या, पटसंख्या वाढली आणि मोजायच्या गोष्टी म्हणजे खोल्या, शिक्षक, काळे फळे, पाण्याच्या टाक्या. १९९१ मध्ये किमान अध्ययन क्षमतांची यादी आली आणि मास्तरांच्या टेबलावर क्षमतांचे तक्ते आले. पुढे मुलांना नापास करणे थांबले. ते थांबायलाच हवे होते, कारण नापास झालेले पोर पुन्हा त्याच बाकावर बसून अधिक काही शिकत नव्हते, घरी जात होते. पण नापासी गेल्यावर, चौथीतल्या मुलाला वाचता येत नाही हे सांगणारा एकमेव, कितीही बेढब असला तरी, भोंगाही बंद पडला.

तसा भोंगा वेगळ्या रीतीने वाजला होता तो १९९० च्या दशकात, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयातल्या फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ची उभारणी केली. सुरुवात बालवाड्यांपासून झाली: जागा मिळेल तिथे, कोणाच्या घरात, देवळात, वस्तीतल्याच मुलीने चालवलेल्या. मग लक्षात आले की महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीत बसलेल्या कितीतरी मुलांना पहिलीचेही येत नाही. त्यासाठी ‘बालसखी’ आली. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली तरुणी रोज दोन तास मागे पडलेली वीसेक मुले वर्गाबाहेर घेऊन बसे आणि अक्षरांपासून सुरुवात करी. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची चाचणी घेतली: चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत बालसखी दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. मुलांचे गुण वाढले. त्यातला बारकावा असा की वाढ झाली ती बालसखीकडे गेलेल्या मुलांची. ती उठून गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, पण तिथे उरलेल्यांना त्याचा काही फायदा झाला नाही.

आता ते एक पान. २००५ पासून ‘प्रथम’च्याच पुढाकाराने देशाच्या जवळपास प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ‘असर’ नावाची पाहणी होऊ लागली. तिचे वाचनाचे साधन म्हणजे एक कागद. त्यावर चार खाने: काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सर्वेक्षक शाळेत न जाता घरी जातो, कारण शाळेत त्या दिवशी न आलेले मूलही त्याला हवे असते. सुरुवात परिच्छेदापासून होते. मूल तो वाक्य म्हणून वाचू शकले, अडखळत एकेक शब्द फोडत बसले नाही, चुका तीनाच्या वर गेल्या नाहीत, तर गोष्ट पुढे येते. जमले नाही तर शब्द: कुठलेही पाच वाच, चार बरोबर आले की झाले. तेही नाही तर अक्षरे, पुन्हा पाचातली चार. शिक्षा नाही, गुण नाहीत, काही मिनिटांचे काम. भोवती आजी, चुलती, शेजारची पोरे जमतात, आणि कधीही शाळा न पाहिलेल्या आईलाही समोर काय चालले आहे ते कळते. शंभर गुणांच्या प्रगतिपुस्तकातून ते तिला कधीच कळले नसते.

पहिल्याच पाहणीत ७ ते १४ वयाच्या सुमारे ३५ टक्के मुलांना तो चार ओळींचा परिच्छेद वाचता आला नाही. यातली बहुतेक मुले शाळेत होती, पटावर होती, शाळेतला आहारही घेत होती.

पुढचा प्रश्न सरळ होता. आकडा लोकांना कळला म्हणजे सुधारणा होईल का? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास हे तपासले गेले. काही गावांत ग्राम शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत लोकांनी स्वतः हा कागद घेऊन मुलांचे वाचन तपासले, गावाचा तक्ता तयार केला आणि सभेत मांडला. सरकारी शाळेत काहीही हलले नाही. ना पालक जाऊन भांडले, ना शिक्षकांचे काम बदलले, ना मुलांचे वाचन. तिसऱ्या गटातल्या गावांत मात्र तरुण स्वयंसेवकांना चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळा सुटल्यावर वाचनवर्ग भरवायला सांगितले होते. तिथे आलेली मुले थोडीच, पण आली ती वाचायला लागली. आंध्र प्रदेशात याच काळात शिक्षकांना मुलांच्या उणिवांचे सविस्तर अहवाल देऊन पाहिले. निरीक्षक वर्गात असताना शिक्षकांची धडपड दिसली, पण मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. सातत्यपूर्ण मूल्यमापनाची तऱ्हा हरियाणात तपासली तेव्हाही हाती काही लागले नाही. त्याच हरियाणात रोज एक तास इयत्ता मोडून, जो ज्या पातळीवर आहे त्या गटात बसवून शिकवले, तर हिंदी वाचन सुधारले. शिक्षक तेच होते, शाळाही त्याच.

आंध्रातलाच एक दाखला या सगळ्या सुरात बसत नाही, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तिथे काही शाळांत मुलांच्या गुणवाढीप्रमाणे शिक्षकांना बोनस दिला गेला, म्हणजे लोसाहेबांचेच सूत्र, आणि दोन वर्षांनी त्या शाळांतली मुले खरोखर पुढे होती. फरक एवढाच की प्रश्न निव्वळ पाठांतराचे नव्हते, आणि शाळेचा मूळ पैसा कोणी कापत नव्हते. लोच्या योजनेत हे दोन्ही नव्हते.

महाराष्ट्रात हा इतिहास एका दशकात पुन्हा घडून गेल्यासारखा वाटतो. २०१० नंतर सर्वंकष मूल्यमापन आले आणि शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या. कल्पना कोसबाडच्या जवळची होती. बाजारात लगेच तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, विषयवार, गुणवार. पाहावे आणि उतरवून काढावे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले: वर्षारंभी पायाभूत चाचणी, मग संकलित चाचण्या, मागे पडलेल्या प्रत्येक मुलाकडे लक्ष. त्यात जीव होता. २०१४ ते २०१६ या काळात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांचे वाचन ज्या राज्यांत ठळकपणे सुधारलेले ‘असर’ला दिसले, त्यांत महाराष्ट्र होता. कितीतरी जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांनी आपापल्या युक्त्या काढल्या, एकमेकांच्या शाळा बघून आले. पण त्याच वेळी ‘१०० टक्के प्रगत’ शाळांच्या घोषणा सुरू झाल्या, केंद्र प्रगत, तालुका प्रगत, आणि चाचणीचे गुण ऑनलाइन भरायचे झाले. गुण देणारा शिक्षक आणि गुणांवरून जोखला जाणारा शिक्षक एकच असला की काय होते, हे मध्य प्रदेशातल्या एका अभ्यासाने दाखवले आहे: सरकारी चाचणीतले प्रश्न त्याच मुलांना बाहेरच्या माणसांनी पुन्हा विचारले तेव्हा यश बरेच खाली आले. फुले विनावर्दी तपासणी मागत होते ते यासाठीच.

पुढे राज्यात ‘अध्ययन स्तर निश्चिती’ आली. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट: असरच्या कागदावरचे खानेच वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यात उतरले. चांगल्या हातात हा तक्ता दर पंधरवड्याला बदलतो. शब्दाच्या रकान्यातले नाव परिच्छेदात सरकते, आणि गटही त्याबरोबर बदलतात. नाही तर तो अधिकारी येण्याआधी रंगवला जातो. २०२१ साली केंद्राने ‘निपुण भारत’ जाहीर केले आणि तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत वाचन व अंकगणित यावे, अशी मुदत घातली.

कोविडच्या बंदीत ग्रामीण भारताचा आकडा घसरला. दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ च्या ‘असर’मध्ये हा आकडा २७.१ झाला. सावरण्याचा वेग सरकारी शाळांत अधिक होता, तिथे तो १६.३ वरून २३.४ वर गेला. म्हणजे जिथे होतो तिथे आलो, आणि तेही दोनच वर्षांत. शिक्षकांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण मुदतीच्या हिशेबाने पाहिले तर तिसरीतल्या १०० पैकी ७३ मुलांना अजून ती छोटी गोष्ट वाचता येत नव्हती. त्यांना नापास करून ठेवायचे नव्हतेच. वर्ष सरले तशी ती चौथीत गेली आणि त्यांच्या हाती चौथीचे पुस्तक पडले.